उताराची रेषा



शेतीच्या सरकारी योजनांवर बोलायचं कबूल केलं आहे, पण सुरुवात जरा लांबून करतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात व्हर्नन नावाची काउंटी आहे. समजायला आपला तालुका धरा. हिमयुगात आजूबाजूचा मुलूख बर्फाखाली घासून निघाला, हा टापू तेवढा सुटला. म्हणून तिथे उभे डोंगर, अरुंद खोरी आणि माथ्यावर शेतं. 19व्या शतकात नॉर्वेहून आलेल्या कुटुंबांनी तिथे आधी गहू केला, मग दूधधंदा धरला. शेतं चौकोनी, नांगर चढावरून थेट उताराला, आणि डोंगरावरच्या रानात गाई मोकळ्या. दोन-तीन पिढ्यांत घळी पडल्या. वरची माती गेली आणि खालच्या शेतांवर गाळ चढला.

1933 मध्ये ह्यू हॅमंड बेनेट यांच्या हाताखाली मृदा संधारणाचं केंद्रीय खातं नुकतंच सुरू झालं होतं. त्या खात्याने पहिल्या प्रयोगासाठी याच काउंटीतलं कून व्हॅली गाव आणि कून क्रीक ओढ्याचं खोरं निवडलं. खोरं सुमारे 92,000 एकरांचं. अख्खं पाणलोट क्षेत्र एकत्र धरून केलेला अमेरिकेतला हा पहिला प्रकल्प. निसर्गाभ्यासक आल्डो लिओपोल्ड विद्यापीठातून सल्ला द्यायला येत.

पैसा कसा दिला, तिकडे लक्ष द्या. शेतकऱ्याशी पाच वर्षांचा करार झाला. सरकारने बियाणं, चुना, कुंपणाची तार आणि मजूर द्यायचे. मजूर म्हणजे मंदीत बेकार झालेली पोरं. त्यांना महिन्याला 30 डॉलर मिळत, त्यातले 25 थेट घरी जात. 1972 च्या दुष्काळात आपल्याकडे खडी फोडणारे हात आठवा, म्हणजे ती पोरं डोळ्यांपुढे येतील. शेतकऱ्याने बदल्यात उभ्या उतारावरची चराई बंद करायची आणि आडवं नांगरायचं. मक्याचा एक पट्टा, त्याखाली लसूणघासाचा एक पट्टा, पुन्हा मका. मक्यातून सुटलेलं पाणी घासात थबकतं आणि माती तिथेच ठेवून पुढे जातं. चौकोनी शेतं मोडून डोंगराच्या वळणाने वळवायची होती. बापजाद्यांचं कुंपण हलवायला माणूस सहज तयार होत नाही. तरी चारशेहून अधिक शेतकऱ्यांनी सह्या केल्या.

इथे मला आमचं शेत आठवतं. मी शाळेत होतो. बांधबंदिस्तीचं काम आलं आणि बांध पडले गटाच्या हद्दीवरून. मोजणीची रेषा सरळ, उताराची रेषा वाकडी. वडील सांगत होते, पाणी या कोपऱ्यात जमतं. पण ऐकून घ्यायला कोणी थांबलं नाही. पहिल्याच मोठ्या पावसात नेमका तोच कोपरा फुटला. दोन दिवसांनी आम्ही टोपल्यांनी माती परत चढवत होतो. कागदावर मात्र बांध पूर्ण होता आणि बिलही निघालं होतं.

परत कून क्रीककडे येऊ. तिथला गाळ स्टॅन्ली ट्रिम्बल या संशोधकाने अनेक वर्षं मोजला. 1999 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला. खोऱ्यात गाळ साचण्याचा वेग 1930 च्या दशकाच्या मानाने जेमतेम 6 टक्क्यांवर आला होता. पाच वर्षांचे करार केव्हाच संपले होते. आडवी नांगरणी मात्र टिकली, कारण ती अंगवळणी पडली होती. माझं म्हणणं एवढंच आहे, श्रोतेहो: सरकारी पैशाने बांधकामापेक्षा शेतकऱ्याची वहिवाट बदलायला हवी.

आज तिथे योजनांची नावं बदलली आहेत. 1985 च्या कायद्याने आलेल्या एका योजनेत धूप होणारी जमीन पिकाखालून काढली, तर सरकार 10 ते 15 वर्षं दरसाल भाडं देतं. 1996 पासूनची दुसरी योजना बंदिस्ती, कुंपण, शेणखताचे खड्डे यांच्या खर्चाचा वाटा उचलते. तिथेही अर्ज जास्त आणि पैसा कमी, आणि बहुतेकांना आधी पदरचा खर्च करावा लागतो. तुम्ही मान डोलावताय, म्हणजे दुखणं ओळखीचं आहे. पण एक गोष्ट मनापासून घेण्यासारखी आहे. काउंटीतल्या शेती कार्यालयावर शेतकऱ्यांनीच निवडून दिलेली समिती असते. मतपत्रिका टपालाने घरी येते. योजना वॉशिंग्टनची असली, तरी ती गावात कशी राबते यावर शेजाऱ्याची नजर असते.

तिथेही सगळं साधलं असं नाही. पुढे खोऱ्यात पूर अडवायला मातीची धरणं बांधली गेली. ऑगस्ट 2018 च्या अतिवृष्टीत कून क्रीक आणि शेजारच्या खोऱ्यात मिळून अशी पाच धरणं फुटली. बांधलेल्या गोष्टीला आयुष्य असतं, तिची देखभाल लागते. आपल्याकडे गाळाने भरलेले सिमेंट बंधारे आणि फाटक्या कागदाची शेततळी पाहताना मला ती धरणं आठवतात आणि जीव तुटतो. आपल्याच हिवरे बाजार गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वतःवर लादून घेतली, म्हणून तिथली कामं उभी राहिली. ती बंदी कोणत्याही अंदाजपत्रकात बसत नाही.

1 मेला तुमच्या गावची ग्रामसभा आहे. मृद संधारणाच्या कामांची यादी वाचली जाईल तेव्हा रकमेवर समाधान मानू नका. आखणी करायला येणाऱ्याबरोबर शिवारात चला आणि पाणी कुठून वाहतं ते त्याला दाखवा. आणि हे काम दहाव्या वर्षी कोण सांभाळणार, त्याचं नाव त्याच सभेत ठरावात लिहून घ्या.