लिव्हरला बांधलेली दोरी

मृगाच्या तोंडावर कोकणात टिलर बाहेर निघतात. नारळी-पोफळीच्या वाडीत, परसातल्या भाजीच्या वाफ्यात पाच-सात अश्वशक्तीचा छोटा पॉवर वीडर आता घरचाच झाला आहे. तो चालवायचा कसा, हे कुणाला शिकवायला नको. प्रश्न आहे तो एका दोरीचा.

या यंत्राच्या दांड्याला क्लचचा लिव्हर असतो. दाबून धरला की पाती फिरतात, सोडला की थांबतात. तासभर दाबून मूठ भरून येते, म्हणून कुणी त्याला सुतळी गुंडाळतो, कुणी सायकलच्या ट्यूबचा तुकडा. हाताला आराम मिळतो खरा. पण माणूस पडला, हात सुटला, तरी पाती फिरतच राहतात.

घरातली विळी आठवावी. भाजी चिरताना दारात हाक आली, तर उठणारा आधी विळी आडवी करतो. घरात रांगतं पोर असेल तर विचारायलाच नको. उभी विळी टाकून उठणाऱ्याला आजीची बोलणी ठरलेली! टिलरच्या रोटरवर अशी दीड-दोन डझन पाती, तीही मिनिटाला शे-दोनशे फेरे घेणारी. लिव्हर सोडणं म्हणजे त्या साऱ्या विळ्या एका दमात आडव्या करणं. आणि त्या आडव्या होऊच नयेत म्हणून घरचाच शहाणा गाठ मारून ठेवतो.

सगळ्यांत जपायचं ते मागे येताना. वाफ्याच्या टोकाला रिव्हर्स टाकला, मागे बांध किंवा माडाचं आळं. टाच अडकते, माणूस उताणा पडतो आणि यंत्र पायांवर येतं. म्हणूनच बऱ्याच टिलरमध्ये रिव्हर्सला रोटर फिरू नये अशी सोय असते. नसेल तिथे आधी रोटर न्यूट्रल, मग रिव्हर्स. पडणारा माणूस घाबरून मूठ आणखी आवळतो, हा धोका आहेच. दोरी बांधलेल्याला तर मूठ सोडूनही उपयोग नाही.

पात्यांत वेल गुंतला, तर इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, मगच कोयत्याचं टोक लावायचं. ‘लिव्हर सोडलाय की’ म्हणून चालू यंत्रात हात घालणारे आहेत. लिव्हर सोडलाय, पण दोरी? पुन्हा तीच दोरी.

मळणी यंत्रांत हात जाऊ लागले, तेव्हा १९८३ साली केंद्राने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. परसातल्या टिलरपाशी मात्र कुणी निरीक्षक येत नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत एक पाय गेला तर १ लाख रुपये मिळतात, दोन्ही गेले तर २ लाख. सुतळी दोन रुपयांची.

उताराचं राहिलंच. मोठ्या टिलरला वळवायचे क्लच वेगळे असतात; उतरणीला त्यातला डाव्या हाताचा दाबला, की यंत्र डावीकडे नव्हे, उजवीकडे वळतं. का, ते सांगायला पाच मिनिटं हवीत आणि इथे अर्धंही उरलेलं नाही. पडवीत उभ्या टिलरला ट्यूबचा तो तुकडा अजून असेलच. बातम्या लागण्याआधी कुणीतरी कात्री घेऊन उठावं.