यमुनेची कथा आणि रघुनाथरावाची निष्ठा
(भिंगार येथे प्राथमिक शिक्षकांपुढे केलेले भाषण)



कादंबरीतील पात्रे नीतीचा उपदेश करू लागली की वाचक पाने उलटू लागतो. हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ मध्ये तसे होत नाही. १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः आलेली ही कथा यमुना स्वतःच सांगते, आणि तीत आक्रोशापेक्षा घरातील बारीकसारीक गोष्टीच अधिक आहेत.

तिचा पती रघुनाथराव तत्त्वाला जागणारा तरुण. पत्नीस लिहावयास-वाचावयास शिकवावे, तिच्याशी मित्रत्वाने बोलावे, एवढेच त्याचे तत्त्व. आज ते क्षुल्लक वाटेल. परंतु वडीलधाऱ्यांदेखत पतीशी बोलणेही जेथे निषिद्ध, तेथे पुस्तक हाती घेणारी सून म्हणजे केवढे धाडस! मुंबईस बिऱ्हाड केल्यावर दोघांना थोडी मोकळीक लाभते, समविचारी मंडळींचा सहवास लाभतो. पुढे रघुनाथराव मरण पावतो आणि शंकरमामंजी यमुनेचे बळजबरीने केशवपन करवितात.

माझ्या मते कथेचे खरे दुःख येथे आहे. रघुनाथरावाच्या निष्ठेत खोट नव्हती. ती त्याच्या एकट्याची होती, म्हणून त्याच्याबरोबरच सरणावर गेली. शंकरमामंजींना केवळ खलपुरुष ठरविणे सोपे आहे. त्यांच्यामागे रूढीचे सारे बळ उभे होते.

जोतीराव फुले यांनी येथून जवळच, नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली होती. त्यांनीही पत्नीस घरी शिकविले; पण १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. एका घरातील तत्त्व चारचौघांचे झाले.

शाळेतील एखाद्या मुलीच्या लग्नाची बोलणी कानी आली की आपण तिच्या वडिलांना एकटेच गाठतो. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा सांगतो. ते मान डोलावतात. आपली बदली होते. त्यापेक्षा तो प्रश्न, मुलीचे नाव न घेता, ग्रामसभेत मांडावा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तो एका घराचा निश्चय नव्हता.

पालकसभेत यमुनेच्या शिक्षणाचा भाग वाचून दाखवावा. पुस्तक जाडजूड आहे; सगळे वाचण्याचा आग्रह धरू नये. वाचन मात्र एखाद्या आईकडून करवून घ्यावे.