पायांची ताकद आणि छातीतला रोग

मी डॉक्टर नाही, फौजेतून निवृत्त झालेला माणूस आहे. आमच्या पिढीत सिगारेट ओढणारे पुष्कळ, म्हणून हा विषय घेतला. फुप्फुसाचा कर्करोग कधी कधी खोकल्याच्या आधी पायांत दिसतो, एवढंच आज सांगायचं आहे.

लक्षणं साधी वाटतात. मांडी घालून बसलं की उठताना हात टेकावा लागतो. जिना चढताना मांड्या जड होतात. तोंड सारखं कोरडं पडतं, पोट साफ होत नाही. पुरुषांना लैंगिक अडचण येते, पण ती कोणी बोलत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं आता." गुडघ्याला तेल चोळण्यात महिने जातात.

या आजाराचं नाव लॅम्बर्ट-ईटन सिंड्रोम. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लॅम्बर्ट, ईटन आणि रूक यांनी १९५६ मध्ये त्याचं वर्णन केलं. नसेच्या टोकाला कॅल्शियम आत येण्याची दारं असतात. कॅल्शियम आत आलं की अॅसिटिलकोलीन हे रसायन सुटतं आणि स्नायू हलतो. 'स्मॉल सेल' प्रकारच्या कर्करोगाच्या पेशींवरही तशीच दारं असतात. शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि तीच प्रतिपिंडं नसांच्या दारांवरही तुटून पडतात. शत्रूवर रोखलेला मारा आपल्याच चौकीवर पडावा, तसं हे.

या आजाराच्या निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांत कर्करोग सापडतो, आणि तो बहुधा स्मॉल सेलच असतो. उरलेल्यांत कर्करोग नसतो, म्हणून लगेच घाबरू नका. पण धूम्रपान करणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने हे अंगावर काढू नये. हा कर्करोग फार झपाट्याने पसरतो. पायांनी दिलेली सूचना वेळीच ऐकली, तर तो छातीतच असताना हाती लागण्याची शक्यता वाढते.

मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा. ते नसांना विजेचे हलके झटके देऊन तपासणी करतात. दहा सेकंद जोर लावल्यावर स्नायूचा प्रतिसाद एकदम वाढला, तर ती या आजाराची मोठी खूण. प्रतिपिंडांसाठी रक्त तपासतात आणि छातीचा सीटी स्कॅन काढतात. पहिला स्कॅन स्वच्छ आला म्हणून फाईल बंद करू नका. साधारण दोन वर्षं, दर तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा पाहावं लागतं.

उपचार आहेत. कर्करोगावर इलाज झाला की पुष्कळदा ताकदही सुधारते. अॅमिफॅम्प्रिडीन नावाच्या गोळीने नसेचा निरोप स्नायूपर्यंत नीट पोहोचतो. कुठलंही ऑपरेशन असेल, तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हा आजार आधी सांगा. स्नायू सैल करणाऱ्या औषधांचा असर अशा रुग्णांवर जास्त होतो.

डॉक्टरांपुढे नुसतं "अशक्तपणा आहे" म्हणू नका. खुर्चीतून उठता येतं का, तोंड कोरडं पडतं का, किती वर्षं सिगारेट ओढली, हे तिन्ही एका दमात सांगा. संकोच बाजूला ठेवून लैंगिक तक्रारही सांगा. तपासणीची दिशा त्यातूनच ठरते.