कुलाब्याचे खासदार, देशाचे अर्थमंत्री

श्रोतेहो, दिल्लीतल्या मंत्रिमंडळाची गोष्ट सांगायला निडीपासून फार लांब जावे लागत नाही. गाडीने नागोठणे सोडले की रोह्याच्या अलीकडे निडीचे छोटे स्टेशन लागते. पेण-रोह्याचा हा मुलूख तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या कुलाब्यातून लोकसभेवर गेले ते देशाचे अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख.

रायगडाच्या पायथ्याजवळच्या नाते गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील रोह्याला वकिली करत. मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे आयसीएस, मग रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, असा त्यांचा चढता प्रवास. राजकारणात न वाढलेल्या या माणसाला १९५० मध्ये पंडित नेहरूंनी अर्थखाते दिले.

मंत्री निवडण्याचा हा अधिकार पंतप्रधानांचा. राज्यघटनेच्या ७५ व्या अनुच्छेदानुसार पंतप्रधानांची नेमणूक राष्ट्रपती करतात आणि इतर मंत्र्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने होते. बाहेरचा माणूसही मंत्री होऊ शकतो, मात्र सहा महिन्यांत त्याने संसदेच्या कोणत्यातरी सभागृहाचे सदस्य झाले पाहिजे. १५ ऑगस्ट १९४७ च्या पहिल्या मंत्रिमंडळात नेहरूंसह चौदा जण होते. काँग्रेसचे कडवे टीकाकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर कायदामंत्री म्हणून त्यात बसले, आणि पुण्याचे काकासाहेब गाडगीळही. पुढे संख्या वाढत गेली. अखेर २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्के ही मर्यादा घातली. म्हणजे आज जास्तीत जास्त ८१ मंत्री. त्यांत राज्यमंत्रीही आले. मोठे निर्णय घेणाऱ्या बैठकीला एरवी बसतात ते फक्त कॅबिनेट मंत्री.

या बैठकीचे मोल काय, हे देशमुखांच्या राजीनाम्याने देशाला दाखवले.

त्यांच्या कारकिर्दीत १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा त्यांनी आकाशवाणीवरूनच केली. मात्र त्याच आठवड्यात मुंबई पेटली होती. मुंबई शहर केंद्रशासित करण्याचा निर्णय १६ जानेवारीला जाहीर झाला होता, मुंबईसह महाराष्ट्र मागणारे लोक रस्त्यावर उतरले होते आणि पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे पडत होती. जूनमध्ये मुंबईतच काँग्रेस महासमितीसमोर नेहरूंनी सांगितले की मुंबई पाच वर्षे केंद्राच्या ताब्यात राहील.

देशमुखांनी जुलैत मंत्रिपद सोडले. राजीनामा दिलेल्या मंत्र्याला अध्यक्षांच्या संमतीने सभागृहात निवेदन करता येते. त्या हक्काने ते २५ जुलै १९५६ रोजी लोकसभेत बोलले. गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, याचा त्यांना सल होताच. पण त्यांच्या तक्रारीचा गाभा वेगळा होता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळापुढे चर्चेला न आणताच जाहीर केला गेला, असा त्यांचा आरोप होता. नेहरूंना तो मान्य नव्हता. सरकारचे धोरण सांगण्याचा अधिकार पंतप्रधानाला आहे, अशी त्यांची बाजू होती.

ही नुसती मानापमानाची बाब नव्हती. मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार असते, असे घटना सांगते. बैठकीत कितीही मतभेद होवोत, बाहेर पडल्यावर प्रत्येक मंत्र्याने निर्णयाचे समर्थन करायचे, आणि ते जमत नसेल तर खुर्ची सोडायची. पण जबाबदारी सर्वांची, तर विचारणाही सर्वांना व्हायला हवी. ज्या निर्णयात आपले मत घेतलेच नाही, त्याचे ओझे मंत्र्याने का वाहावे? देशमुखांचा हा सवाल रास्तच होता. पंतप्रधान नेहरूंच्या तोलाचा असला, तरी मंत्रिमंडळाची बैठक टाळण्याची मुभा त्याला मिळता कामा नये.

लगेच न्याय मिळाला, असे मात्र नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी आणि गुजराती प्रदेशांचे विशाल द्विभाषिक मुंबई राज्य आले, आणि मुंबईसह महाराष्ट्रासाठी १ मे १९६० पर्यंत लढावे लागले. देशमुख पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. केंद्रीय मंत्रिमंडळात ते परतले नाहीत.

कुलाब्याने नंतरही केंद्राला मंत्री दिले. बॅरिस्टर अंतुले इथूनच निवडून जाऊन अल्पसंख्याक खात्याचे मंत्री झाले आणि २०१४ मध्ये रायगडचे खासदार अनंत गीते अवजड उद्योगमंत्री झाले. नवे मंत्रिमंडळ आले की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती आपल्या भागाला कोणते खाते मिळाले याची. त्याबरोबर आणखी एक चौकशी करत जा, श्रोतेहो: आपल्या गावावर परिणाम करणारा निर्णय मंत्रिमंडळात चर्चेला आला होता का, आणि आला तेव्हा आपला माणूस तिथे काय बोलला?