रातांब्याचं कलम

रातांब्याची ताजी बी रुजते छान, पण झाड नर की मादी, हे फुलं येईपर्यंत कळत नाही. वर्षानुवर्षं जोपासायचं आणि निम्मी झाडं नर! म्हणून रोपं खुंटासाठी वापरा आणि भरपूर फळणाऱ्या मादी झाडाच्या काडीचं मृदुकाष्ठ कलम बांधा. काडी सरळ वर जाणाऱ्या शेंड्याचीच घ्या. आडव्या फांदीची घेतलीत, तर झाड जमिनीलगत पसरत बसतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ ही जात पावसाआधी हाती येते. ओल्या हवेत सोलं वाळवणाऱ्यांना तिचं मोल वेगळं सांगायला नको! परागीभवनासाठी थोडी नर झाडंही हवीतच. लागवड पावसाच्या सुरुवातीला, 6 बाय 6 मीटरवर करा.