ऑनर्सचे पहिले सत्र आणि परतीची बस

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांत आणि विद्यापीठ विभागांत २०२३-२४ पासून, तर संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून पदवी शिक्षणाची नवी रचना लागू झाली. एके काळी मुंबई-पुण्याच्या जुन्या महाविद्यालयांपुरती वाटणारी ऑनर्सची पदवी तिच्यामुळे वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावातून बारावी झालेल्या मुलामुलींच्याही, निदान कागदावर तरी, आवाक्यात आली आहे. तीन वर्षांनंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची मुभा आहे. चौथे वर्ष पूर्ण करणाऱ्यास ऑनर्स पदवी मिळते आणि त्याच वर्षात प्रबंध लिहून संशोधन करणाऱ्यास संशोधनासह ऑनर्स. ऑनर्स ही चौथ्या वर्षाची बाब असल्याने पहिल्या सत्रात तिची काळजी कशाला, असा समज यावरून घरोघरी होतो, आणि तो अर्धाच बरोबर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्याप्रमाणे संशोधनासह ऑनर्ससाठी पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के किंवा अधिक गुण लागतात, म्हणजे कॉलेजात जेमतेम रुळत असताना दिलेल्या पहिल्या हिवाळी परीक्षेचे गुण तीन वर्षांनी या निवडीच्या वेळी पुन्हा समोर येतात.

या रचनेत अभ्यास श्रेयांकांत मोजला जातो. श्रेयांक, म्हणजे बोलण्यातले ‘क्रेडिट’, हे विद्यार्थ्याने एखाद्या विषयाला दिलेल्या वेळेचे माप असून, व्याख्यानाचे पंधरा तास किंवा प्रात्यक्षिकाचे तीस तास यांचा एक श्रेयांक होतो. महाराष्ट्रात एका सत्राला २० ते २२ श्रेयांक ठरवलेले आहेत. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्सला १६० ते १७६ लागतात. मात्र यात धरलेला वेळ केवळ वर्गात बसण्याचा नाही. राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाच्या ४० श्रेयांकांमागे १,२०० तासांचे अध्ययन गृहीत धरले आहे, आणि त्यात वर्गाबाहेरचे वाचन, टिपणे, चर्चा व स्वाध्याय हे सारे येते. हिशेब सोपा आहे: सत्राला ६०० तास, सत्र पंधरा आठवड्यांचे धरले तर आठवड्याला चाळीस, आणि त्यांतले वीसएक वर्गात गेले तर उरलेले वीस विद्यार्थ्याने स्वतःहून काढायचे. शाळेत आणि कनिष्ठ महाविद्यालयात हे दुसरे वीस तास कोणी वेगळे मागितलेले नसतात. शिकवणीचे शिक्षक, ‘अपेक्षित’ प्रश्नसंच आणि बोर्डाच्या परीक्षेचे भय यांनी ते परस्पर भरून काढलेले असतात. महाविद्यालयात ते मोकळे पडतात, आणि पहिल्या सत्रात मन रमणे, रुळणे, जुळवून घेणे असे जे म्हटले जाते त्याचा मोठा भाग या मोकळ्या तासांचे काय करायचे एवढ्याच प्रश्नाशी येऊन थांबतो.

रिठदच्या विद्यार्थ्यापुढे हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो, कारण त्याचे मोकळे तास मोकळे नसतात. गावाच्या एका बाजूस वाशिम आणि दुसऱ्या बाजूस रिसोड असल्याने दोन्हीकडच्या महाविद्यालयांत घरी राहून जाता येते, एसटीच्या मासिक पासवर विद्यार्थ्याला ६६.६७ टक्के सवलत मिळते, आणि खोलीभाड्याचा व खानावळीचा खर्च वाचतो. शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच आहे. परंतु थांब्यावर वाट पाहण्यासह जाण्यायेण्यात रोजचे दोन तास गेले, तर सहा दिवसांचे बारा तास होतात, आणि ते वर सांगितलेल्या वीसांतूनच वजा होतात. विज्ञान शाखेत प्रात्यक्षिकांची तुकडी दुपारची असली की विद्यार्थ्याचे एक लक्ष परीक्षानळीकडे आणि दुसरे घड्याळाकडे राहते. तास संपल्यावर प्राध्यापकांना थांबवून शंका विचारणे, ग्रंथालयात संदर्भग्रंथ चाळत बसणे किंवा दुसऱ्या गावच्या मुलाशी विषयावर वाद घालणे, हे सारे परतीच्या बसच्या वेळेपाशी तुटते. तासिकांची हजेरी पूर्ण आणि तरीही विद्यार्थी महाविद्यालयात नाही, अशी ही स्थिती असून हजेरीपत्रकात ती कधीच दिसत नाही.

तुटणारी ही संध्याकाळ किती मोलाची असते, हे पाहण्यासाठी वऱ्हाडच्याच इतिहासाकडे वळता येते. अमरावतीत १९२३ साली किंग एडवर्ड कॉलेज सुरू होईपर्यंत वऱ्हाडातील मुलाला पदवीसाठी वऱ्हाडाबाहेर पडावेच लागे. कऱ्हाडजवळच्या टेंभूत जन्मलेले गोपाळ गणेश आगरकर अकोल्यात शिकून १८७५ साली मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी पुन्हा घालण्याइतके त्यांचे दारिद्र्य होते, असे त्यांच्या चरित्रांत सांगितलेले असते. त्याच महाविद्यालयात त्यांच्या थोडे आधी आलेल्या बाळ गंगाधर टिळकांनी पहिले वर्ष अभ्यासाऐवजी व्यायामात आणि शरीर कमावण्यात घालवले व त्या वर्षीची परीक्षा त्यांना पार करता आली नाही. पुढे गणितात प्रथम वर्ग मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची सुरुवात अशी झाली होती. (पहिल्या सत्रात मागे पडलेल्या मुलाला धीर देण्यासाठी हे उदाहरण जरूर सांगावे, मात्र टिळकांना तेव्हा सहा सत्रांच्या सरासरीची अट नव्हती, हेही सांगावे.) मुद्दा दोघांच्या बुद्धीचा नाही. येरवड्याचे ते महाविद्यालय निवासी होते; १८७९ च्या सुमारास टिळक आणि आगरकर यांच्यात शाळा काढण्याविषयी जे बोलणे झाले, ज्यातून विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल उभे राहिले, ते कोणत्याही तासिकेत झालेले नव्हते. आगरकरांकडे दुसरा सदरा नव्हता, पण संध्याकाळ होती.

पापळच्या शेतकरी कुटुंबातून फर्ग्युसन कॉलेज आणि तेथून एडिंबरापर्यंत गेलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी ही गोष्ट नेमकी ओळखलेली दिसते. १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापण्याच्याही आधी त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालयाच्या रूपाने मुलांच्या राहण्याची सोय उभी केली होती. आधी राहण्याची जागा आणि मग महाविद्यालय, हा क्रम आजच्या ग्रामीण महाविद्यालयांनी पुष्कळदा उलटा केला आहे, आणि वसतिगृह ही इमारत निधीच्या शेवटच्या हप्त्यावर ढकलण्याची गोष्ट झाली आहे. राज्य शासनाची वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आज पंजाबरावांच्याच नावाने चालते, आणि शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. दोहोंच्या अटी आणि मुदती प्रवेशाच्या वेळीच पाहून घ्याव्या लागतात, कारण दिवाळीनंतर केलेल्या चौकशीचा पहिल्या सत्राला उपयोग होत नाही.

या सत्राची आणखी एक अडचण शेतीच्या वेळापत्रकातून येते. जूनच्या शेवटी किंवा जुलैत पेरलेले सोयाबीन सप्टेंबरच्या अखेरीपासून काढणीला येते, मजूर मिळत नाहीत, पावसाचा भरवसा नसतो, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यात अंतर्गत मूल्यमापनाचे स्वाध्याय, चर्चासत्रे व चाचण्या येतात. शेत सोडून पुस्तक धरावे असे कोणाला सांगणे अन्यायाचे आहे. पण स्वाध्याय काढणीच्या आधी पूर्ण करून ठेवणे आणि तारखा घरच्यांना पोळ्याच्या सुमारासच सांगणे शक्य असते, आणि ज्या घरात हे बोलणे होते तेथे मुलाची ओढाताण बरीच कमी होते.

भाषेची अडचण त्या मानाने जितकी सांगितली जाते तितकी मोठी नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला वर्गात प्रश्न विचारताना संकोच वाटतो, कला शाखेत संदर्भग्रंथ इंग्रजी निघाला की धडकी भरते, हे खरे आहे. परंतु रोज दोन पाने शब्दकोश घेऊन वाचणाऱ्याची ही भीती सत्र संपण्याआधी ओसरते. संकोच मात्र वाचनाने जात नाही. संशोधनासह ऑनर्सच्या विद्यार्थ्याकडून अखेरीस एका प्रश्नाचा वर्षभर पाठपुरावा करण्याची अपेक्षा असते, आणि ज्याने तीन वर्षांत वर्गात एकही प्रश्न विचारलेला नाही, त्याला चौथ्या वर्षी प्रबंधाचा विषय दुसऱ्याकडून मागून घ्यावा लागतो. शिवाय संशोधनाचे चौथे वर्ष मार्गदर्शक आणि साधने असलेल्या ठिकाणीच करता येते. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम या पाच जिल्ह्यांसाठी १९८३ पासून कार्यरत असलेल्या संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या परिसरापर्यंत त्यासाठी जावे लागण्याची शक्यता धरूनच पहिल्या सत्रात पावले टाकलेली बरी.

म्हणून रिठदसारख्या गावांतून मुलामुलींना महाविद्यालयात पाठवणाऱ्या घरांनी सगळे काही बदलण्याची गरज नाही. आठवड्यातून दोन दिवस मुलाने, आणि मुलीनेही, नेहमीची बस सोडून पुढच्या बसने यावे आणि त्या उशिराबद्दल घरात कोणी जाब विचारू नये. महाविद्यालयांनी त्या दोन दिवशी ग्रंथालयाचे दार उघडे ठेवावे, आणि एसटीच्या आगाराने त्या वेळेची एक गाडी खात्रीने सोडावी.