आखाजीचे मांडे



वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे खानदेशातील आखाजी. घरोघरी मातीची नवी घागर भरून दिवंगतांचे स्मरण होते. खापरावर पुरणाचे मांडे भाजले जातात. जोडीला आमरस, कुरडया असतात.

आहारदानाचा विधी कोणासच ठाऊक नसल्याने भगवान ऋषभदेवांना वर्षाहून अधिक काळ उपवास घडला. हस्तिनापुरात श्रेयांसकुमारांना पूर्वजन्माचे स्मरण झाले आणि याच तिथीला इक्षुरसाने पारणे झाले. स्मरण झाले म्हणूनच अन्न देता आले.

मांडा हातांवर फिरवून पातळ करण्याची कला वहीत उतरत नाही. ती जाणणारी आजी गेली, की घागर भरता येते, मांडा मात्र साधत नाही. तरी येत्या आखाजीला सुना-नातवंडांनी तिच्याशेजारी उभे राहून एक मांडा आपल्या हातांनी करावा, ही नम्र विनंती.